लाईट गेली की

आमच्या जोयड्यात पावसाळ्यात लाईट गेली की मुलं ओरडतात आणि मी मनातल्या मनात खूश होते. मिक्सर बंद, टीव्ही बंद, मोबाईलला रेंज नाही. बॅटरीच्या उजेडात माझी दहा पानं होतात.

यंदा संत बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग धरलेत. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, या शिऊरच्या, सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या.) कोल्हापुरात असताना ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायची, बरोबर तिचं लाडकं वासरू. त्याचा बोभाटा झाला आणि नवऱ्याने तिला मारलं, बांधून घातलं. वासराने चारापाणी सोडलं आणि ते गेलं.

आणि हीच बाई पुढे पतिसेवेचा महिमा गाते! तिथे मी पुस्तक मिटलं, दोन दिवस हात लावला नाही. पण बाईच्या जन्माला वेदांचा अधिकार नाही, ही खंतही तिनेच लिहून ठेवलीय. दोन्ही एकाच बाईचं. मला अजून ते नीट जुळवता येत नाही.

परवा लेकीने वासराची गोष्ट वाचून घेतली. मग म्हणाली, "आई, तेव्हा ती केवढी होती?"

"अकराच्या आसपास."

"माझ्याएवढी?"

मी मान हलवली. तेवढ्यात लाईट आली, टीव्ही मोठ्याने सुरू झाला. धाकटा धावला.

"बंद कर रे तो," ती त्याच्यावर ओरडली. "आई, पुढे वाच."