चिंचोक्यांचा डबा

"बाई, कोणी काय केलं?"

त्या सकाळी परिपाठ संपल्यावर मी एवढंच म्हणाले होते, "चला, पळायला जाऊ." रांग जागची हलेना. मग पाचवीतल्या एका पोरानं हळूच हा प्रश्न विचारला. वर्गात कोणाची तरी चूक झालीय आणि तिची शिक्षा सगळ्यांना मिळतेय, असं त्याला वाटलं होतं. त्यात त्याचा काय दोष? गृहपाठ राहिला, पळ. उशीर झाला, मार दोन चकरा. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत अकरा वर्षं शिकवताना मीच कितीतरी मुलांना पटांगणाला चकरा मारायला लावल्या होत्या. आम्ही पळणं शिक्षेच्या खात्यात टाकलं होतं, आणि मुलांनी ते बरोबर वाचलं होतं. तो प्रश्न आजही मला टोचतो.

पळण्याचा दुसरा प्रसंग म्हणजे शर्यत. तिथं पहिल्या तिघांसाठी टाळ्या वाजतात आणि बाकीची मुलं वर्षभर पळत नाहीत. फिट इंडियाच्या चाचणीत चौथीपासून पुढच्या मुलांसाठी 600 मीटरची धाव आहे. तिच्या नावातच 'धावा किंवा चाला' आहे, पण त्यातलं 'चाला' आम्ही मुलांना कधी सांगितलं नाही. शिट्टी वाजली की सगळी बाण सुटल्यासारखी सुटायची आणि दुसऱ्या चकरेत बरगडीखाली हात दाबून उभी राहायची. सहावीतली एक मुलगी तर शिट्टीच्या आधीच पोट धरायची. "बाई, कळ येतीय." दर वेळी शेवटून पहिली येणाऱ्या मुलीला दुसरं काय सुचणार?

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेबद्दल माझ्या वाचनात आलं होतं. 2012 साली तिथल्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटं मैदानावर सोडायला सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, शर्यत लावायची नाही, ज्याला जसं जमेल तसं पळायचं, दम लागला की चालायचं. याला त्यांनी 'डेली माइल' म्हटलं. त्यात महागडं काहीच नव्हतं, आणि मला तेच आवडलं. आमच्याकडं होतं काय? मुरमाचं पटांगण आणि त्यात सराटे.

पहिले चार दिवस आम्ही सराटेच वेचले. निम्मी मुलं अनवाणी, उरलेली चपलांत. चप्पल घालून पळताना अंगठा चिमटून धरावा लागतो आणि पोटरी भरून येते, हे मला त्यांच्या शेजारी पळल्यावर कळलं. मग टेपनं मोजून फक्की मारली. एक चक्कर बरोबर 150 मीटरची झाली.

नियम एकच केला. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर चाल. दोनदा दम खाल्ला की मुलाला आपला वेग आपोआप सापडतो, शिट्टीनं तो शिकवता येत नाही.

आणि इथं त्या सहावीतल्या मुलीचं नशीब उघडलं. तिच्याकडं गोष्टींची खाण होती. आजीनं सांगितलेल्या भुताच्या गोष्टी, विहिरीतली हडळ, बांधावरचा मुंजा. ती आपल्या चालीनं पळत सांगायची. ऐकायची तर तिच्याजवळ राहायला हवं, म्हणून वाऱ्यासारखी पळणारी मुलंसुद्धा तिच्या वेगावर उतरली. आठवड्याभरात तिच्या मागंपुढं दहाबारा जणांचा घोळका असायचा. गोष्ट संपली नाही म्हणून ही मुलगी सहावी चक्कर पळाली, आणि सहावी झालीय हे तिच्या लक्षातही आलं नाही. पोटातली कळ कुठं गेली, मी विचारलं नाही.

अडचणी होत्याच. पहिल्या पंधरवड्यात दोघांना भोवळ आली. चौकशी केली तर सकाळी घरून नुसता चहा पिऊन आलेले. खिचडी मिळायची दुपारी. मला हे आधी सुचायला हवं होतं. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका शेतकऱ्यानं शेंगदाण्याचं पोतं आणून टाकलं, गुळाची ढेप मी घेतली, आणि पळण्याआधी मूठभर दाणे नि गुळाचा खडा ठरून गेला. एका आईनं विचारलं, "शेरडांमागं पळतंयच की पोरगं, शाळंत कशाला?" तिच्या पोराला खरंच गरज नव्हती. पण पाचवीपासून पुढं पोरींना शेरडांमागं कोण पाठवतंय? शाळेतून घरी, घरी भांडी, मग मोबाइल. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनत सांगते. आमच्या सातवीतल्या मुलींना शाळेतली ही पंधरा मिनिटं सोडली तर काहीच मिळत नव्हतं. ओढणी कमरेला बांधून त्या पळू लागल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मोजणी चिंचोक्यांवर. एक चक्कर झाली की डब्यात एक चिंचोका. डबा सगळ्यांचा एकच, त्यामुळं कोणाचे किती हे कळायचं नाही. रोज गणिताच्या तासाला मोजणी व्हायची. 26 मुलं, सरासरी आठ चकरा, म्हणजे 31 किलोमीटरच्या वर. भिंतीवरच्या नकाशावर फलटणला टाचणी टोचली आणि माउलींच्या पालखीच्या वाटेनं दोरा निघाला. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. वारी नुकतीच होऊन गेली होती, वाटेवरचे मुक्काम मुलांना तोंडपाठ. चौथ्या दिवशी दोरा पंढरपूरला पोचला तेव्हा वर्गात जो गजर झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. "आता कुठं?" मुलांनी विचारलं. दोरा दक्षिणेला वळवला.

आमच्याच तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांची गोष्ट मी दर क्रीडादिनाला सांगायची. मुलं ऐकायची नि विसरायची. या वेळी फळ्यावर फक्त आकडे लिहिले. रिओ ऑलिंपिक, 2016. 3000 मीटर अडथळ्यांची शर्यत. प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. मुलांनीच भागाकार केला. आपल्या पटांगणाच्या वीस चकरा. एका चकरेला 28 सेकंद, तेही 35 अडथळे ओलांडत, त्यातले सात पाण्याचे. सातवीतला आमचा सगळ्यात चपळ मुलगा जिवाच्या आकांतानं एक चक्कर पळाला. 28 सेकंद. मुरमावर पाठ टेकून तो बराच वेळ आभाळाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अजून एकोणीस?" त्या दिवशी त्यांना ललिताताई खऱ्या कळल्या.

सप्टेंबरात एक साहेब शाळेला भेट द्यायला आले. मुलं पळताना बघून खूश झाले. बक्षीस द्यायला त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "यांच्यात पहिला कोण येतो?"

मुलं एकमेकांकडं बघू लागली. कोणालाच सांगता येईना. शेवटी ती सहावीतली मुलगी पुढं आली, घाम पुसत म्हणाली, "पहिलं कोण ते नाही माहिती साहेब. पण आम्ही सगळ्यांनी काल तुंगभद्रा ओलांडली."