वायरमन

आमच्या श्रीवर्धनच्या घरात माणसांना टोपणनावं नव्हती, पालीला मात्र होतं. माजघरात मीटरच्या लाकडी फळीमागे तिचा मुक्काम, म्हणून काका तिला ‘वायरमन’ म्हणत. पुढे त्याच फळीमागे टणक कवचाची दोन पांढरी अंडी निघाली, तरी नाव काही बदललं नाही.

पावसाच्या तोंडावर तिची चंगळ असे. पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाइटवर तुटून पडली की वायरमन जागची न हलता जेवायची. पावसाळाभर खाल्लेल्यातली चरबी शेपटात साठत जाई आणि दिवाळीपर्यंत शेपूट मुळाशी चांगलं जाडजूड होई. मग मार्गशीर्षात पहाटेचा मतलई वारा झोंबू लागला की बाई गायब. पालीच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. हवा गारठली की हातपाय मंदावतात, पोटातलं अन्नही नीट पचत नाही. दिव्याभोवती किडेही तेव्हा थोडेच. अशा वेळी धावपळ करण्यापेक्षा उपाशी पडून राहणं परवडतं. दिल्लीकडे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या पिवळ्या पोटाच्या पाली ऐन हिवाळा भिंतींच्या फटींत काढतात. आमच्या समुद्रकाठी तो १५च्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे वायरमनची रजा तुकड्यातुकड्यांनी चाले. गारठा असेतो आत, हवा सैलावली की एखादी रात्र बाहेर.

आजीला हे पसंत होतं. “बसून खातेय, पण स्वतःचं खातेय,” ती म्हणायची.

एका कार्तिकात मांजरीनं तिच्यावर झडप घातली. तुटलेलं शेपूट जमिनीवर वळवळत राहिलं, मांजर त्यातच गुंतली आणि वायरमन फळीमागे पसार झाली. जीव वाचला, पण पावसाळ्याची सारी साठवण ऐन थंडीच्या तोंडावर मांजरीच्या पोटात गेली. त्या पौषात बाकीच्या पाली वाशांच्या फटींत गप्प असताना ही रोज तिन्हीसांजेला देवघराच्या पिवळ्या बल्बपाशी येई. पाऊल जड पडायचं, तोंडाशी आलेला किडा निसटायचा, तरी ती जागा सोडत नसे. काकांनी तो बल्ब रात्री उशिरापर्यंत चालू ठेवायला सुरुवात केली. आजीनं विचारलं, तर म्हणाले, “वाचतोय.” चष्मा कोनाड्यात होता.

पुढे नवं शेपूट आलं. बोथट, एकरंगी, आत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा. त्यावरून ती लांबूनही ओळखू येई. नंतरच्या हिवाळ्यांत ती पुन्हा पूर्वीसारखी रजेवर जाऊ लागली. एका दुपारी खाऱ्या वाऱ्यानं दार आपटलं, तेव्हा ती बिजागरीच्या फटीत होती.

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आमचीही झाली. सुपारीचं नवं रोप फळाला यायचं म्हणजे काही वर्षं गेलीच. सत्तरी ओलांडलेल्या काकांनी पडवीत पर्यटकांसाठी जेवणाची पानं मांडायला घेतली. “काका, या वयात आता आराम करायचा,” असं एखादा पाहुणा म्हणाला की ते वाढता वाढता सांगत, “आमचं शेपूट तुटलंय हो. नवं येईपर्यंत थंडीतही दिव्याखाली बसायला हवं.”

पाहुण्याला त्यातलं काही कळत नसे. तो आणखी सोलकढी मागे.