लाव्हा कोणाच्या दारी?

सिसिलीतल्या कातानिया बंदराला जहाज लागलं तेव्हा एटना ज्वालामुखीच्या माथ्यावरचा धूर समुद्राकडे सरकत होता. सहलीची बस निकोलोसी गाव मागे टाकून सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या रिफुजिओ सापिएन्झा या थांब्याला पोचली. माथा आणखी बराच वर होता आणि संध्याकाळी जहाज सुटायचं होतं. म्हणून १८९२ च्या उद्रेकात तयार झालेल्या सिल्वेस्त्री विवरांच्या काठाने हिंडलो. पायाखाली काळी-तांबूस खडी करकरत होती. सह्याद्रीचा कातळही लाव्ह्याचाच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं लोटली. इथला दगड माझ्या पणजोबांच्या काळातला!

मला मात्र ओढ होती ती १६६९ च्या उद्रेकाच्या खुणांची. त्या वर्षी ११ मार्चला निकोलोसीजवळ जमीन फाटली, माँती रोस्सी या टेकड्या उभ्या राहिल्या आणि वाटेतली गावं गिळत लाव्हा कातानियाकडे निघाला. तेव्हा दिएगो पाप्पालार्दो नावाच्या एका माणसाने सुमारे ५० माणसं जमवली. अंगावर ओली कातडी पांघरून, हातात पहारी घेऊन ती त्या धगीला भिडली. वाहत्या लाव्ह्याच्या कडा निवून घट्ट होतात आणि त्या भिंतींमधूनच तो पुढे सरकतो. त्यातली एक भिंत त्यांनी फोडली. लाव्हा खरोखरच वळला, पण पातेर्नो या दुसऱ्या गावाच्या रोखाने! पातेर्नोचे शेकडो लोक शस्त्रं घेऊन धावून आले, काम थांबलं, भगदाड बुजलं आणि लाव्हा कातानियात शिरला.

परतल्यावर शहरातला कास्तेल्लो उर्सिनो हा किल्ला पाहिला. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात तो समुद्रकाठी बांधला होता. १६६९ च्या लाव्ह्याने त्याचा खंदक भरला, समुद्र मागे रेटला. किल्ला तेवढा तगला. आज तिथून समुद्र गाठायला चालत जावं लागतं.

पातेर्नोकरांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पाप्पालार्दोची हिंमत अफाट होती, पण एका शहराचं संकट दुसऱ्या गावाच्या माथी मारायचा हक्क कोणाला असतो? १९९२ मध्ये मात्र झाफेराना गावाच्या वेशीपर्यंत आलेला लाव्हा अभियंत्यांनी सुरुंग लावून वरच्या वरच वळवला. तो जिथे वळवला ते वाल्ले देल बोव्हे हे खोरं निर्जन होतं. पहारी रोखायला कोणी धावून यावं, असं तिथे कोणाचंच घर नव्हतं.