दगडू

दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी, उकंडा ही नावे वऱ्हाडातील खेड्यांतून एके काळी सर्रास ऐकू येत. आता ती मागे पडली आहेत, आणि ज्यांची आहेत त्यांनाही ती सांगताना संकोच वाटतो. ‘दगडू’ या नावाचा मूळ शब्द दगड. त्याला विठू, बाळू यांतला लाडाचा ‘ऊ’ जोडलेला आहे. शब्द कठीण, पण हाक मायेची!

अशा नावांचे मूळ मृत्यूच्या भयात आहे. आधीची अपत्ये दगावली की नंतरच्या मुलाला मुद्दाम हीन नाव देत. दृष्ट लागू नये, काळाने त्याला क्षुद्र समजून पुढे जावे, ही त्यामागची समजूत. मध्य प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही या चालीची नोंद आहे.

बार्शीटाकळीच्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी त्याच्या नावाविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “माह्या आंधीचे दोघं गेले, फादर. मले कोनाची नजर लागू नये म्हून मायनं दगड म्हटलं!” मी त्याला सांगितले, की प्रभू येशूने शिमोनाला दिलेले नावही हेच. अरामी भाषेत ‘केफा’, ग्रीकमध्ये ‘पेत्रोस’. दोहोंचा अर्थ खडक, दगड. आमचा संत पेत्र म्हणजे एका अर्थी दगडूच. तो मनापासून हसला.

परंतु प्रत्येक ओबडधोबड नावामागे माया असतेच असे नाही. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरमध्ये ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नकुशी म्हणजे नको असलेली. पुढचा तरी मुलगा व्हावा, या आशेने मुलीला हे नाव ठेवीत. दगडूच्या आईला मूल हवे होते, म्हणून तिने त्याला दगड म्हटले. नकुशीच्या घराने मात्र मनातले तेच उघड बोलून दाखविले. एक नाव अभिमानाने जपावे, दुसरे बदलावे, ते याचसाठी.

शब्दकोश नावाचा अर्थ सांगतो. ते का ठेवले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ती माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे.