वेळापूरचा ओळंबा

नवऱ्याने बायकोला मोटार शिकवू नये, असे अनुभवी लोक सांगतात. मी शिकवली, 1986 साली घेतलेल्या आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीवर. हात तिचा चांगला बसला. पण काही दिवसांनी गाडी सारखी डावीकडे जाऊ लागली आणि मी म्हणू लागलो, "अगं, हात सरळ ठेव!" माझ्या हातीही ती डावीकडेच जाई, तेव्हा मात्र मी रस्त्याच्या उताराला दोष देई.

दिवाळीनंतर आईला घेऊन फलटणमार्गे पंढरपूरला निघालो. माळशिरस सोडल्यावर गाडी हिच्याकडे दिली. वेळापूरच्या अलीकडे खड्डा आला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि एक सायकलवाला हातभर अंतराने वाचला. मी भर रस्त्यात ओरडलो. तिने गाडी कडेला घेतली, किल्ली माझ्या हातात ठेवली. "पुन्हा नाही हात लावणार."

वेळापुरातल्या मिस्त्रीने गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि गवंड्यासारखा चाकाशेजारी ओळंबा सोडला. उजवे चाक जवळजवळ उभे. डाव्याचा माथा चांगला बाहेर कललेला! चाक ज्या बाजूला कलते, तिकडेच गाडीला ओढते. महिन्यापूर्वी एका गॅरेजात काम झाले होते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या पातळ पत्र्या सारख्या बसल्या नव्हत्या.

"वैनींचा हात सरळ हाय, सायेब. चाक वाकडं हाय."

मग त्याने मला चाकांचे शास्त्र सांगितले. हात सोडूनही सायकल सरळ जाते, त्यात पुढच्या चिमट्याच्या कलाचा वाटा असतो. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही तसा कल देतात. चाक धरणाऱ्या दोन आडव्या दांड्यांपैकी वरची आखूड असते. त्यामुळे वळणावर गाडी झुकली, तरी बाहेरचे चाक रस्त्यावर नीट टेकते. हा सारा खटाटोप कशासाठी? गाडी पुढे काय करणार, ते हाताला आधी कळावे म्हणून!

पत्र्या सारख्या झाल्या, दोरी लावून चाके जुळली. तिथून आम्ही अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन देवळात गेलो. हात जोडताजोडता मी तिला हळूच म्हटले, "चुकलो."

मागून आई म्हणाली, "मोठ्यानं म्हण रे. मला ऐकू नाही आलं."

मोठ्याने म्हणालो. किल्ली परत दिली. पंढरपूरपर्यंत गाडी सुतात गेली. रस्त्याचा उतार होता तिथेच होता.