स्टॉकहोमची दोन वाकडी जहाजं

दादा ऑनसाइटवर स्टॉकहोमला गेला, त्या पहिल्याच हिवाळ्यात आईनं डोंबिवलीच्या घरातल्या शोकेसचा मधला कप्पा रिकामा करून ठेवला. का? तर दादानं फोनवर जाहीर केलं होतं, ‘मी लाकडी जहाज बनवतोय, शिडंबिडं असलेलं!’ तेव्हापासून दर रविवारी आईचा एकच प्रश्न, ‘जहाज कुठवर आलं रे?’ आणि दादाचं एकच उत्तर, ‘होत आलंय.’ असे दोन हिवाळे गेले.

गेल्या डिसेंबरात मी दोन आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेले. जहाज कपाटावर होतं, चादरीत गुंडाळलेलं. चादर बाजूला केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अय्या, केळं!’

दादा हसला नाही. एरवी स्वतःच्या फजितीवर तोच आधी हसतो.

तर झालं होतं असं. स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडतो. ऑफिसमधून घरी आलं की समोर भली मोठी रात्र. अशातच एका वीकएण्डला तो वासा म्युझियम बघून आला आणि भारावून जाऊन थेट वासाचंच किट मागवलं. डेन्मार्कची बिलिंग बोट्स, इटलीची कोरेल अशा कंपन्या १:७५ स्केलमध्ये हे जहाज देतात. तयार झालं की जवळजवळ तीन फूट लांब! खोक्यावरचा फोटो बघून कुणीही खुळावेल.

पण खोक्यात जहाज नसतं, लाकूड असतं. प्लायवूडचा कणा, त्यावर बसवायच्या बरगड्या, बारीक पट्ट्यांची जुडी, दोरा, पितळी खिळे आणि नकाशे. एकेक पट्टी पाण्यात भिजवायची, वाकवायची, बरगड्यांवर चिकटवायची. बऱ्याच किट्समध्ये असे दोन थर असतात, आतला जाड आणि वरचा पातळ, देखणा. फंडा सोपा आहे : एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. दादानं उत्साहाच्या भरात एक बाजू आधी संपवून टाकली. पट्ट्या सुकल्या, आक्रसल्या आणि कणाच ओढला गेला. झालं केळं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चल, मला तुझी ती वासा दाखव.

स्लुसेनच्या धक्क्यावरून युरगोर्डन बेटाकडे फेरी सुटते. बोचरा वारा, काळंशार पाणी, मागे जुन्या शहराचे दिवे. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास, पण याच पाण्यात वासाचा पहिला आणि शेवटचा प्रवास झाला होता. १० ऑगस्ट १६२८. राजा गुस्ताव अडॉल्फची नवीकोरी युद्धनौका, एकूण ६४ तोफा, किनाऱ्यावर बघ्यांची ही गर्दी. सुमारे १३०० मीटर गेली असेल नसेल, वाऱ्याच्या झोतानं कलंडली. तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि जहाज बुडालं. तीसेक माणसं गेली.

ती वर आली १९६१ मध्ये, तब्बल ३३३ वर्षांनी. म्युझियमचं दार ढकलून अंधूक, गार हॉलमध्ये शिरलात की ती एकदम अंगावर येते. काळपट ओक लाकडाचा अख्खा डोंगर. शेजारी तिचंच १:१० चं रंगवलेलं मॉडेल आहे. लाल, सोनेरी, एकदम झगमगीत. आधी मॉडेल बघा, मग जहाज बघा. पोटात कसंतरी होतं.

मी फोटो काढत सुटले होते. दादानं मला ओढून नेलं ते मोजपट्ट्यांची गोष्ट सांगायला. या जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश, बारा इंचांचा फूट असलेल्या. दोन ॲमस्टरडॅमच्या, अकरा इंचांचा फूट असलेल्या. म्हणजे एकाच जहाजावर दोन मापांनी काम! आणि वासाही दोन्ही बाजूंनी सारखी नाहीच. डावीकडे लाकूड जास्त आहे.

‘म्हणजे ही पण केळं?’ मी विचारलं. या वेळी तो हसला.

बुडण्याचं मोठं कारण मात्र वेगळं. जहाज वर फार जड होतं, आणि तळाशी दगड भरूनही तोल साधत नव्हता. हे बुडण्याआधीच कळलं होतं. तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून बघितलं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोललं की चाचणीच थांबवावी लागली. पण राजा लढाईवर आणि त्याला जहाज हवं होतं. पुढे चौकशी झाली. शिक्षा कुणालाच नाही.

‘सगळ्यांना दिसत होतं गं,’ दादा म्हणाला. ‘राजाला सांगायचं कुणी?’

मला आमच्या डेडलाइन आणि मीटिंगा आठवल्या. तेवढ्यात तो जहाजाकडेच बघत म्हणाला, ‘मला इथे करमत नाहीये. पहिल्या हिवाळ्यापासून. आईला काय सांगू?’

काय बोलणार? आम्ही खालच्या कॅफेत जाऊन कॉफी घेतली. बराच वेळ बसलो.

त्या रात्री त्यानं नवं किट मागवलं. मॉडेल शिपवेज या अमेरिकन कंपनीची नवशिक्यांसाठी तीन होड्यांची चढती मालिका आहे. त्यातली पहिली, १:२४ ची मासेमारीची डोरी. तोफा नाहीत, सोनेरी सिंह नाहीत. साधी सपाट बुडाची होडी. पाचव्या दिवशी खोकं आलं. मी पट्ट्या भिजवायच्या, त्यानं लावायच्या. डावी, उजवी, डावी, उजवी. दर वेळी डोळ्यासमोर धरून कणा सरळ आहे ना बघायचा. गप्पा आपोआप होत होत्या.

मी निघाले तेव्हा होडी अर्धी झाली होती. रविवारी आईनं विचारलं, ‘जहाज कुठवर आलं रे?’

‘आई, ते वाकडं झालं,’ दादा म्हणाला. ‘आणि अजून एक सांगायचंय.’

मी चहा टाकायला आत गेले.

पहिलं किट घेताना

• खोक्यावरचा फोटो नको, डोलकाठ्या मोजा. पहिल्यांदा बिनडोलकाठीची होडी किंवा फार तर एक डोलकाठी.

• १:७५ पेक्षा १:२४ चे तुकडे मोठे असतात. बोटांना सोपं जातं.

• सूचना आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहेत ना, ते आधी बघा.

• कटर, पॉलिश पेपर, चिमटा, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि पांढरा फेव्हिकॉल. सुरुवातीला एवढं पुरे.

• पट्ट्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं लावा. आणि वाकडं झालं तर चादरीत गुंडाळून ठेवू नका!