धुतलेले हात

गेल्या दिवाळींत भगवंताचें दर्शन घेऊन मी बार्शींतील एका रुग्णालयांत आत्याबाईंस भेटावयास गेलों. त्यांस कर्करोग झाला होता. त्यांचा हात हातीं घेणार, तोंच परिचारिका म्हणाल्या, "आधीं साबणानें हात धुवा." मला राग आला. देवाच्या पायरीस लागलेले हात अस्वच्छ कसे? त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, ह्या रोगावरील औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. मग निरोग्यास न बाधणारा जंतुहि रोग्याच्या जिवावर उठतो.

पुढें वाचनांत आलें कीं, १८४७ सालीं व्हिएन्ना येथें डॉक्टर सेमेलवाइस ह्यांनीं प्रसूतिगृहांतील वैद्यांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें, तेव्हां बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. तेथें तर वैद्यांचेच हात मृत्यु वाहून नेत होते. मग माझ्या हातांची काय कथा! माया मनांत असली, तरी तिला धुतलेल्या हातांची जोड हवी.